मरणाची छाया आणि गीताचें मोल

गायकाच्या मरणाची वार्ता आधीं कळावी आणि त्याचें गाणें मागाहून ऐकावें, यासारखें रसिकाचें दुर्दैव दुसरें नाहीं. अशा वेळीं आपण गाणें ऐकत नाहीं. त्यांत मरणाचीं चिन्हें शोधीत बसतों. मध्यंतरीं भिंगार येथें आमच्या घरीं कांहीं स्नेह्यांसमवेत शाहीर विलास घोगरे यांचें गायन पडद्यावर ऐकण्याचा योग आला. गाणें संपतांच पहिला प्रश्न आला तो असा: ‘यांनींच ना पुढें आत्महत्या केली?’ तो प्रश्न आम्हांस बोचला; प्रस्तुत लेखाचें कारण तेंच.

हा दोष केवळ आपल्याकडचा नव्हे. इंग्रज कवि-गायक निक ड्रेक याचा ‘पिंक मून’ हा गीतसंग्रह फेब्रुवारी १९७२ मध्यें ध्वनिमुद्रिकेच्या रूपानें निघाला. आदल्या ऑक्टोबरांत लंडनच्या एका ध्वनिमुद्रणगृहांत तो अवघ्या २ रात्रींत मुद्रित झाला होता. गीतें ११, वेळ सुमारें २८ मिनिटें. एक कंठ, एक गिटार, आणि शीर्षकगीतांत तेवढे पियानोचे थोडे सूर. त्या वेळीं तो फारसा खपला नाहीं. १९७४ च्या नोव्हेंबरांत, वयाच्या २६ व्या वर्षीं, औषधाच्या अतिसेवनानें कवि वारला. पुढें १९९९ मध्यें मोटारीच्या एका जाहिरातींत शीर्षकगीत वाजलें आणि संग्रहास मोठा श्रोतृवर्ग लाभला. परंतु या नव्या श्रोत्यांपैकीं पुष्कळांस त्यांतील ओळ न् ओळ मृत्युपत्रासारखी वाटूं लागली. तारा निरनिराळ्या तऱ्हांनीं लावून साधलेली ती रेखीव बांधणी पाहिली, म्हणजे त्या दोन रात्रीं तरी हा तरुण आपल्या कलेचा पूर्ण धनी होता, हें मान्य करावें लागतें.

घोगरे यांची गोष्ट याहून बिकट आहे. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या, मुंबईच्या झोपडीवासीयांवरील अनुबोधपटांत त्यांचें हिंदी गीत आहे. ११ जुलै १९९७ रोजीं घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरांत, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत १० जण ठार झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत घोगरे यांनीं जीवन संपविलें. पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा पट याच घटनांतून उगवला. तो पुरा होण्यास १४ वर्षें लागलीं. शाहिराचें नांव दूरवर नेलें, हे त्या पटाचे थोर उपकार. पण वाद रंगला तो शाहीर लाल कीं निळा, याचाच. डाव्या कलापथकांत वावरलेल्या या पुरुषानें अखेरच्या क्षणीं माथ्यास निळें कापड बांधलें होतें. तेव्हां तो वाद क्षुल्लक नव्हे. मात्र त्या गलबल्यांत गाणें मागें पडलें.

तें गाणें कसें आहे? कथेकऱ्याप्रमाणें श्रोत्यांस हांक घालून तें आरंभ करतें. कष्टकऱ्याची व्यथा सांगतें, पण रडगाणें होत नाहीं. चाल लोकगीताची, शब्द रोजच्या बोलण्यांतले, आणि आवाज ऐकणाऱ्यास जवळ ओढणारा. त्यांतला काळोख गडद आहे खरा. पण तो वस्तीवरचा आहे. ज्यास जगांत श्रोता उरला नाहीं असें वाटतें, तो कथा सांगावयास बसत नाहीं. शाहिराच्या मरणाआधीं १२ वर्षें पडद्यावर आलेल्या या गीतांत निरोप शोधणें म्हणजे उलट्या दिशेनें वाचणें होय.

आमचे एक स्नेही म्हणाले, ‘प्रोफेसरसाहेब, ज्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांच्या शाहिराच्या चालीची चिकित्सा करीत बसणें हा सुखवस्तूंचा छंद आहे.’ आक्षेप कठोर आहे, आणि तो आम्हांस सर्वस्वीं परतवतां येत नाहीं. तथापि एवढें म्हणूं: ज्याच्या मरणास आपण अभिवादन करतों, पण ज्याच्या लयीची नि शब्दांची विचारपूस करीत नाहीं, त्यास आपण हुतात्मा मानलें, कवि मानलें नाहीं. नामवंत कवींच्या ओळी आपण पारखून घेतों. तीच पारख शाहिराच्याही वांट्यास यावी. ती दया नव्हे, त्याचा हक्क आहे.

त्या रात्रीं आम्हीं तें गाणें पुन्हां लावलें. या खेपेस कोणीं मरणाचा विषय काढला नाहीं. ते स्नेही बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीं ध्रुवपद तिसऱ्यांदा ऐकण्याची इच्छा दर्शविली.