ध्रुवीय ग्रीष्ममेघ : दोन साधनांची साक्ष

ध्रुवप्रदेशात ऐन उन्हाळ्यात मध्यांबराच्या माथ्याशी तापमान सुमारे उणे १४० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि भूपृष्ठापासून ८० ते ८५ किलोमीटर उंचीवर हिमकणांचे अतिविरळ मेघ तयार होतात. १८८५ पासून हे ‘निशादीप्त मेघ’ अभ्यासकांस परिचित आहेत. परंतु ध्रुवाजवळ उन्हाळ्यात रात्र काळोखी होतच नाही. तेथे नेत्र निरुपयोगी ठरून उपकरणांचा आश्रय घ्यावा लागतो. अलास्कातील पोकर फ्लॅट येथील रडारने या उंचीवरून येणारे प्रबळ प्रतिध्वनी टिपले. १९८१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. नॉर्वेतील आंदोया येथे १९८९ मध्ये लायडरने मेघांचा वेध घेतला. तेव्हापासून ही दोन साधने एकाच वस्तूचे दोन साक्षीदार होत, असे गृहीत धरण्याकडे कल दिसतो. हे गृहीतक तपासून पाहणे अवश्य आहे.

लायडर हिमकणांवरून विखुरलेला लेसरप्रकाश मोजतो. हा प्रकाश कणत्रिज्येच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. त्रिज्या दुप्पट झाली की प्रकाश चौसष्टपट होतो. म्हणून सुमारे २० नॅनोमीटरहून लहान कण असूनही नसल्यासारखेच राहतात. रडारला मात्र हिमकण प्रत्यक्ष दिसतच नाहीत. ५० मेगॅहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी इलेक्ट्रॉनांच्या घनतेतील सुमारे तीन मीटर अंतराच्या चढउतारांवरून परततात. संक्षोभाने निर्माण झालेले हे चढउतार विद्युत्‌भारित हिमकणांमुळे इलेक्ट्रॉनांचे विसरण मंदावल्याने टिकून राहतात. अर्थात रडारची साक्ष अप्रत्यक्ष होय.

दोहोंतील थरांच्या खालच्या कडा पुष्कळदा जुळतात, ही गोष्ट मोलाची आहे. वरच्या भागात मात्र लायडर मौन असताना रडार बोलते, कारण तेथील कण बारीक असतात. हा विरोध नव्हे, पूरकता होय. तथापि प्रतिध्वनी नसणे म्हणजे हिम नसणे, असा निष्कर्ष काढता येणार नाही. इलेक्ट्रॉनांचे किंवा संक्षोभाचे दुर्भिक्षही तितकेच कारण असू शकते.

हा विवेक दीर्घकालीन प्रवृत्तींच्या चर्चेत विशेष महत्त्वाचा ठरतो. मिथेन वाढल्याने वरच्या वातावरणात बाष्प वाढते व मेघ अधिक उजळतात, हे अनुमान सयुक्तिक आहे. परंतु लायडरची नोंद खालचे आकाश निरभ्र असतानाच मिळते, तर रडारची नोंद सौरक्रियेनुसार पालटणाऱ्या आयनीभवनावरही अवलंबून असते. या मर्यादा वजा केल्याविना मेघांतील बदलाला हवामानबदलाचा पुरावा म्हणणे घाईचे ठरेल.