ओपनफोमचं धरण आणि 'बनाना'

धरण फुटलं तर पाणी कसं धावेल, हा प्रश्न खडकवासल्यात पुस्तकी नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याचं धरणही गेलं. इथल्याच सीडब्ल्यूपीआरएसमध्ये सांडव्यांच्या लहान प्रतिकृती बांधून पाणी सोडून बघतात. कॉम्प्युटरवर बघायचं तर एक फुकट पर्याय म्हणजे ओपनफोम.

ओपनफोम हे फ्रेमवर्क आहे. म्हणजे अर्धा लिहिलेला प्रोग्रॅम, उरलेला अर्धा तुम्ही भरायचा. आता कुठे भरायचं हे कोण सांगणार? राल्फ जॉन्सन यांनी १९९२ च्या निबंधात हॉटड्रॉ हे चित्रं काढण्याचं फ्रेमवर्क घेऊन म्हटलं होतं, की फ्रेमवर्कच्या माहितीत तीन गोष्टी हव्यात: ते कशासाठी आहे, कसं वापरायचं, आणि आतून कसं रचलंय.

याच मापाने ओपनफोमच्या मार्गदर्शिकेतला 'डॅमब्रेक' धडा बघा. पहिल्या दोन गोष्टींत तो झकास आहे. २९.२ सेंटीमीटर उंच पाण्याचा खांब कोसळतो, वाटेतल्या अडथळ्यावर आपटतो. कुठली फाईल कशासाठी हेही नीट सांगितलंय. धडा लगेच चालतो, आणि इथे तो जॉन्सनच्या निबंधापेक्षा सरस वाटतो. नुसती वर्णनं वाचून कुणी शिकत नाही हो!

अडचण पुढे येते. धड्यातली टाकी दोन्ही बाजूंनी बंद, फक्त वरून उघडी. तुम्हाला मुठेसारखं पात्र हवंय, म्हणजे पाणी पुढे निघून जायला हवं. त्या टोकाला कुठली सीमा-अट लावायची? मग कुणीतरी सीनियर कानात सांगतो: फाईलमध्ये अटीच्या जागी 'बनाना' लिही. प्रोग्रॅम चिडतो आणि चालणाऱ्या सगळ्या अटींची यादी छापतो!

युक्ती भारी आहे, पण ती चालते का, ते बघा. ओपनफोममध्ये प्रत्येक अट स्वतःचं नाव एका तक्त्यात नोंदवते. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर फाईलमधलं नाव त्या तक्त्यात शोधतो. तुमची स्वतःची नवी अटही अशीच जोडता येते, मूळ कोडला हात न लावता. हीच जॉन्सनची तिसरी गोष्ट. धड्यात ती एका परिच्छेदात मावली असती, पण नवशिक्यापर्यंत ती एरर मेसेजमधून पोचते. शिवाय यादीत नुसती नावं असतात. पाणी बाहेर जाताना कुठली अट दाबाशी जुळेल, हे केळं सांगत नाही.