काठिण्य : एक संज्ञा, अनेक अर्थ

ओतीव ॲल्युमिनियम मिश्रधातूंच्या सूक्ष्म गुणधर्मांविषयीच्या लेखनात 'काठिण्य' ही संज्ञा ज्या निःशंकपणे वापरली जाते, तो निःशंकपणा परीक्षणास पात्र आहे. ब्रिनेलने १९०० साली आपली कसोटी मांडली तेव्हा व्यवहार सरळ होता. १० मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा धातूवर दाबावयाचा, उमटलेल्या ठशाचा व्यास मोजावयाचा आणि भारास ठशाच्या क्षेत्रफळाने भागावयाचे. ठसा डोळ्यांना दिसत असे. शब्दाला वस्तूचा आधार होता.

१९९२ साली ऑलिव्हर व फार यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधाने हा व्यवहार पालटला. हिऱ्याचे तीन पैलूंचे टोक धातूत काही शे नॅनोमीटर रुतवावयाचे, भार व खोली यांची अखंड नोंद घ्यावयाची, आणि भार उतरवताना मिळणाऱ्या वक्ररेषेच्या उतारावरून स्पर्शक्षेत्र व स्थितिस्थापकता गुणांक ही दोन्ही काढावयाची. ठसा पाहण्याचे कारणच उरले नाही. युक्ती असामान्य आहे, यात वाद नाही. परंतु जे पूर्वी मोजले जात होते ते आता अनुमानाने काढले जाते. क्रियापद मात्र 'मोजले' हेच राहिले.

या भाषिक शैथिल्याची किंमत ओतीव धातूच्या बाबतीत विशेष जाणवते. सुमारे ७ टक्के सिलिकॉन असलेला ए-३५६ हा मिश्रधातू घेतला, तर त्याची जडणघडण एकजिनसी नसते. ॲल्युमिनियमच्या वृक्षाकार स्फटिकांच्या फांद्यांमध्ये सिलिकॉनचे कण विखुरलेले असतात. ब्रिनेलचा दोन-तीन मिलिमीटरांचा ठसा या सर्वांवर एकदमच पडतो आणि एक सरासरी आकडा देतो. उलट अर्धा मायक्रॉन खोलीचा ठसा सुमारे साडेतीन मायक्रॉन रुंद असतो. तो एकट्या फांदीवर किंवा एकट्या कणावर पाडता येतो. उष्णोपचाराने वाढलेल्या बळाचा वाटा ॲल्युमिनियमचा किती, हे ब्रिनेलच्या आकड्यावरून कळत नाही. येथे कळू शकते. नव्या पद्धतीचे खरे श्रेय हे होय.

पण मऊ ॲल्युमिनियम टोकाच्या कडेने वर फुगून येते. गणिताला हा फुगवटा दिसत नाही. ते क्षेत्रफळ कमी धरते आणि काठिण्य व गुणांक दोन्ही वाढवून सांगते. १९९८ साली बोल्शाकोव्ह व फार यांनी संगणकीय विश्लेषणातून दाखविले की हे क्षेत्रफळ ६० टक्क्यांपर्यंत कमी धरले जाऊ शकते. म्हणजे पद्धतीच्या एका जनकानेच ही मर्यादा उघड केली. तरीही कोष्टकांतून आकडे असे मांडले जातात, जणू ते ठशावर पट्टी ठेवूनच घेतले!

सिलिकॉनकडे वळले की प्रश्न अधिकच बिकट होतो. ॲल्युमिनियममध्ये टोक रुतते ते स्फटिकातील दोषरेषा सरकल्यामुळे. सिलिकॉनचे मात्र टोकाखालील प्रचंड दाबाने रूपच पालटते. तो काही काळ धातूसारखा होतो आणि भार उतरताना पुन्हा वेगळे रूप धारण करतो. त्याचे ११-१२ गिगापास्कल 'काठिण्य' हा बव्हंशी रूपांतराचा दाब होय. शिवाय कण लहान आणि खालचा आधार मऊ असल्याने टोक जरा खोल गेले की आकडा कणाचा न राहता आधाराचाही होतो. दोन भिन्न घटना एकाच रकान्यात, एकाच संज्ञेखाली शेजारी बसतात.

मराठी बोलीला हा भेद परका नाही. टणक, कडक, चिवट, ठिसूळ हे शब्द ती एकमेकांच्या जागी ठेवीत नाही. सुपारी टणक असते, भाकरी कडक होते, चामडे चिवट राहते. शास्त्रीय परिभाषेने या सर्वांतून एक संस्कृत नाम निवडले आणि बाकीच्यांना पंगतीबाहेर बसविले. सिलिकॉनचा कण टणक आहे तसाच ठिसूळही आहे, आणि वारंवार ताण पडणाऱ्या ओतीव भागात तडा पुष्कळदा पोकळीपाशी किंवा अशा कणापाशीच सुरू होतो. केवळ काठिण्याचा आकडा वाचणाऱ्यास याची सूचना मिळत नाही; आणि हेच आकडे पुढे यंत्रभागाचे आयुष्य वर्तविणाऱ्या गणितात घातले जातात.

म्हणून प्रबंधात 'काठिण्य' लिहिताना भार, खोली, फुगवट्याची दुरुस्ती केली की नाही, आणि ठसा नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की नाही, हे त्याच वाक्यात यावयास हवे. वाक्य लांबेल, लांबू द्यावे.