‘माझी मैना गावावर राहिली’ : रूपकाआड गेलेला कामगार

प्रास्ताविक :

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने मराठी शाहिरीला जे बळ दिले, त्यात अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीचे स्थान अग्रभागी आहे. पुढे शाहीर विठ्ठल उमप यांच्या आवाजाने ती नव्या पिढ्यांपर्यंत पोचली. महाविद्यालयीन अध्यापनात आणि गौरवग्रंथांत तिचा जो अर्थ सांगितला जातो तो बहुधा ठरलेला असतो. मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला सीमाभाग आणि तिच्यासाठी झुरणारा नायक म्हणजे मराठी माणूस. या अर्थाला रचनेत आधार आहे, हे नाकारता येणार नाही. शेवटच्या भागात बेळगाव, कारवार, निपाणी आणि गोवा यांचे उल्लेख स्पष्टपणे येतात. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, मुंबई मिळाली, पण बेळगाव, कारवार, निपाणी बाहेरच राहिले. त्यामुळे हा अर्थ काळाबरोबर अधिकच पक्का होत गेला. मात्र मैनेला सीमाभाग ठरविल्यावर गाव सोडून मुंबईला आलेल्या मजुराचे काय होते, हा प्रश्न या वाचनात सहसा विचारला जात नाही.

रूपक की दृष्टान्त ?

छक्कडीची बांधणी पाहिली तर चळवळ तिच्यात बरीच उशिरा येते. आरंभी पत्नीच्या रूपगुणांचे लांबलचक वर्णन आहे. त्यानंतर गरिबीमुळे होणारी ताटातूट, भल्या पहाटेची निघण्याची तयारी, बांधून घेतलेली भाकरी, गावाच्या वेशीपर्यंत पोचवायला आलेली पत्नी, तिचा उतरलेला चेहरा, तिला हसविण्यासाठी दिलेली पत्रांची आणि दागिन्यांची वचने, आणि तरीही तिचे न हसणे असा क्रम आहे. पुढे मुंबई येते. एका बाजूला तिचे वैभव आणि दुसऱ्या बाजूला पोटासाठी राबणारे लोक. या सर्व भागाला सीमाप्रश्नाच्या पातळीवर काय प्रतिरूप आहे ? भाकरी कशाचे प्रतीक ? दागिन्यांची वचने कोणी कोणाला दिली ? रूपक म्हटले की अंगाअंगाने जुळणी अपेक्षित असते. ती येथे ओढूनताणूनही साधत नाही.

वस्तुतः ही रचना रूपकापेक्षा दृष्टान्ताच्या जवळ जाते. साहित्यशास्त्राच्या दृष्टीने उपमान हे उपमेयापेक्षा अधिक परिचित असावे लागते. चंद्र ठाऊक असतो म्हणून मुख चंद्रासारखे म्हणता येते. शाहिराच्या समोर बसलेल्या कामगाराला राज्यपुनर्रचनेचे राजकारण समजावून द्यावे लागत होते; गावी राहिलेल्या बायकोचे दुःख मात्र समजावून देण्याची गरज नव्हती. म्हणजेच सीमाभागाचा वियोग कळावा म्हणून कामगाराचा वियोग पुढे ठेवला आहे. समीक्षेने उपमेय हाती ठेवले आणि उपमान टाकून दिले, असा हा प्रकार आहे.

हे उपमान इतके परिचित का होते, हे गिरणगावाचा इतिहास सांगतो. कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पुणे जिल्ह्याच्या मावळ, जुन्नर भागातून पुरुष मुंबईला जात. गिरणी, गोदी, हमाली आणि डबे पोचविणे ही त्यांची कामे. चाळीतल्या एका खोलीत अनेक जण राहत. एका पाळीचे लोक कामावर गेले की दुसऱ्या पाळीचे त्याच जागेत पाठ टेकत. सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. जेवण खानावळीत, आणि ती खानावळही बहुधा कामगार वस्तीतलीच एखादी बाई चालवीत असे. बदली कामगाराला तर रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहून आज काम आहे की नाही ते पाहावे लागे. अशा खोलीत आणि अशा मिळकतीत संसार आणणे बहुतेकांना शक्य नव्हते. शिवाय गावाकडचा जमिनीचा तुकडा कोणीतरी कसावाच लागे, आणि तो बायको कसत असे. कुटुंबाचे दोन तुकडे होणे हा अपवाद नव्हता. गिरणीधंद्याला स्वस्त मजूर पुरविणारी ती व्यवस्थाच होती, कारण कामगाराच्या मुलाबाळांचा आणि म्हातारपणाचा भार गाव उचलत होते. अण्णा भाऊ स्वतः वाटेगावहून लहानपणी कुटुंबासह पायी मुंबईला आले आणि गिरणीत राबले. त्यांची छक्कड ऐकीव माहितीवर उभी नाही.

या ठिकाणी एक परदेशी उदाहरण उपयुक्त ठरते. डोनल मॅक अवली हा आयरिश माणूस १९५१ मध्ये इंग्लंडला गेला आणि तेथे खोदकाम व बांधकामावर मजुरी करू लागला. परागंदाची रोजनिशी अशा अर्थाचे शीर्षक असलेले त्याचे आयरिश भाषेतील पुस्तक १९६० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९६४ मध्ये ते इंग्रजीत आले. मिळालेले काम, सुटलेले काम, भाड्याच्या खोल्या, गावाकडची ओढ अशा नोंदी त्यात दिवसामागून दिवस येतात. काळ जवळपास तोच आहे, पण अण्णा भाऊंच्या नायकाने समुद्र ओलांडलेला नाही. तो आपल्याच भाषेच्या मुलखात परका आहे. आणि रोजनिशीत जे विपुल आहे ते छक्कडीत जवळजवळ नाही, ते म्हणजे प्रत्यक्ष काम. साचा, पाळीचा भोंगा यांना येथे जागा नाही. कामगाराच्या हालांचे मोजमाप शाहीर यंत्राजवळ करीत नाही, वेशीजवळ करतो. हा निर्णय कलादृष्ट्या अचूक आहे. यंत्राचा खडखडाट श्रोत्याने नुकताच मागे टाकलेला होता.

मर्यादा :

रचनेच्या उणिवाही सांगायला हव्यात. मैनेच्या वर्णनातील बऱ्याच उपमा शाहिरीच्या ठरलेल्या साठ्यातल्या आहेत. सोने, चंद्र, इंद्रधनू यांची आरास लावणीत कोठेही शोभली असती. त्यात एकच उपमा वेगळी उठून दिसते, ती आंधळ्याच्या काठीची. तेथे मैना सुंदर वस्तू न राहता आधार होते, आणि गरिबाच्या संसारात बाईचे स्थान काय असते ते एका क्षणात कळते. मात्र संपूर्ण छक्कडीत ती एकदाही बोलत नाही. ती वेशीपर्यंत येते, खचते आणि मागे राहते. तिच्या वाट्याला आलेले शेत, सासर आणि न येणारे पत्र नायकाच्या नजरेबाहेरच राहते.

तिचा आवाज ऐकायचा तर पुण्याकडेच वळावे लागते. हेमा राईरकर आणि गी पोइत्वाँ यांच्या पुढाकाराने पुण्यातील संस्थेने जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, त्यातील ओव्यांची संख्या लाखाच्या वर आहे. मुळशी आणि मावळ या भागांतील गायिका त्यात मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे मुंबईला माणसे पुरविणारा हाच मुलूख. छक्कड चौकात गर्दीपुढे गायिली जाते, ओवी पहाटे जात्यापाशी. छक्कडीतला नवरा ज्या भल्या पहाटे घराबाहेर पडतो, त्याच पहाटेला ही बाई जात्यावर बसलेली असते. अभ्यासक्रमात मात्र छक्कड ‘चळवळीचे साहित्य’ या घटकात आणि ओवी ‘लोकसाहित्य’ या घटकात शिकविली जाते, वेगवेगळ्या सत्रांत, आणि या नवराबायकोची तेथेही गाठ पडत नाही.