बटण तीस सेकंद दाबा: उपाय ठीक, पण कारणाचं काय?

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार मुंबईकरांना आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास ग्रिडमध्ये बिघाड झाला, मुंबई-ठाण्यातली लाईट गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. इकडे मुलुंडला माझा लॅपटॉप बॅटरी संपून बंद पडला. लाईट आल्यावर चार्जर लावला, बटण दाबलं, पण काहीच होईना. आत कित्येक महिन्यांच्या नोंदी होत्या, आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती.

फोनवर शोधलं तर सगळीकडे तीच यादी. चार्जर काढा, बटण तीस सेकंद दाबून धरा, सॉकेट बदला, चार्जर पुन्हा लावा. मी सगळं एका दमात केलं. लॅपटॉप सुरू झाला आणि मी घरी ऐटीत सांगितलं, "बटणाने झालं!"

पण हे मला कशावरून कळलं?

लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असताना साधारण ४.२ व्होल्टचा असतो. तो फार खाली उतरला की त्याला आधी अगदी कमी करंट देऊन सावरावं लागतं. तोवर काही लॅपटॉप मेल्यासारखेच दिसतात. म्हणजे मी काहीही न करता नुसता थांबलो असतो तरी कदाचित तो सुरू झाला असता. किंवा सॉकेट सैल असेल. किंवा चार्जरची पिन नीट बसली नसेल. किंवा खरंच बटण दाबून धरल्यामुळे आतला कंट्रोलर रीसेट झाला असेल. चार कारणं शक्य होती आणि माझ्याकडे निरीक्षण एकच, कारण मी सगळं एकदम बदललं होतं.

दोन महिन्यांनी पुन्हा तेच झालं. मी अर्धा तास बटण दाबत बसलो. दोष निघाला चार्जरच्या वायरमध्ये, पिनजवळ आतून तुटलेली.

यादीवर अन्याय नको. ती मशीन चालू करण्यासाठी लिहिलेली असते, कारण शोधण्यासाठी नाही. आपण तिच्याकडून निदान घेतो, ही चूक आपली. कारण हवं असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी त्याच सॉकेटला दुसरं काहीतरी लावून बघा. मग तेवढ्याच वॅटचा दुसरा चार्जर लावा (फोनच्या लहान चार्जरवर बरेच लॅपटॉप सुरूच होत नाहीत). मग अर्धा तास हात न लावता थांबा. बटण शेवटी. प्रत्येक पायरी वहीत लिहा.

त्या दिवशीच्या ग्रिडचंही असंच झालं. लाईट परत आली, पण कारणावरून वाद राहिला. मार्च २०२१ मध्ये राज्य सरकारने सायबर हल्ल्याची शक्यता मांडली, तर केंद्रीय ऊर्जामंत्री मानवी चूक म्हणाले. पुरवठा सुरू होणं आणि कारण सिद्ध होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संशोधनात आपण हेच करतो. डेटा साफ केला, मॉडेल बदललं, नमुना वाढवला, निकाल सुधारला, आणि श्रेय नव्या मॉडेलला! व्हायवाला कोणीतरी विचारणारच, "नेमकं कशामुळे?"

आणि हो, हे सगळं करण्याआधी नोंदींची दुसरी प्रत ठेवा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिची रिकव्हरी की त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका.