‘यजमान’ नगर आणि ‘दत्तक’ संघ : एका नगरनिवडीच्या परिभाषेची चिकित्सा

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल हा केवळ तीस प्रमुख संघांचा व्यवहार नाही. त्या तीस संघांच्या खाली दुय्यम संघांची एक उतरंड आहे. तरुण खेळाडू तीत घडतात, दुखापत झालेले खेळाडू तीत पुन्हा उभे राहतात, आणि बहुसंख्य खेळाडूंची कारकीर्द तेथेच संपते. हे दुय्यम संघ महानगरांत नसून मध्यम व लहान शहरांत असतात. त्यामुळे अमुक संघाचे ठाणे कोणत्या शहरात असावे हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो, आणि तो उपस्थित झाला की नगरसभा, विधिमंडळ, वृत्तपत्रे व नागरिक यांच्यामध्ये एक विशिष्ट परिभाषा वावरू लागते. बॉस्टन रेड सॉक्स या संघाच्या सर्वोच्च दुय्यम शाखेने २०१८ मध्ये रोड आयलंड राज्यातील पॉटकेट सोडून मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथे जाण्याचा निर्णय जाहीर केला. त्या प्रकरणातील परिभाषा तपासण्याजोगी आहे. तिच्यातील शब्द निरुपद्रवी दिसतात. परंतु कोणी काय दिले व कोणाला काय मिळाले हा प्रश्न झाकून ठेवण्याचे काम त्यांनी मोठ्या कुशलतेने केले.

प्रथम ‘अफिलिएट’ हा शब्द घ्यावा. लॅटिनमधील ‘फिलिउस’ म्हणजे पुत्र; त्यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘पुत्र म्हणून स्वीकारणे’ या अर्थाचे क्रियापद तयार झाले, आणि त्याचाच हा वंशज होय. मराठीत विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयास आपण ‘संलग्न’ म्हणतो. त्या शब्दात चिकटणे आहे, नाते नाही. इंग्रजी शब्दाचा मूळार्थ मात्र सरळ ‘दत्तक’ असा होतो, आणि प्रमुख संघास ‘पेरेंट क्लब’ म्हणण्याचा प्रघात पाहिला म्हणजे हे रूपक अद्याप सर्वस्वी मेलेले नाही असे म्हणणे प्राप्त होते. आता व्यवहार पाहावा. आपल्याकडील दत्तकविधान एकदा झाले की फिरवता येत नाही. बेसबॉलमधील दत्तकविधान मात्र २०२० पर्यंत अल्प मुदतीच्या करारांनी चालत असे, आणि मुदत संपली की पिता पुत्र बदलू शके व पुत्रही पिता बदलू शके. सम वर्षांच्या अखेरीस ही अदलाबदल ठरलेलीच असे. तीत जो मागे राही त्याच्या वाट्यास उरलेले शहर येई. न्यू यॉर्क मेट्स या संघाची सर्वोच्च शाखा २०१३ ते २०१८ या काळात दूरच्या लास व्हेगास येथे होती. अखेरीस तो संघ सिरॅक्यूज येथील क्लब विकत घेऊन मोकळा झाला. वॉशिंग्टनच्या संघाची शाखा २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो येथे, म्हणजे खंडाच्या दुसऱ्या टोकास, गेली. कुटुंबाची भाषा आणि भाडेकराराचा व्यवहार यांचे इतके उघड विजोड अन्यत्र क्वचित आढळेल.

दुसरे रूपक शेतीचे. या दुय्यम व्यवस्थेस ‘फार्म सिस्टिम’ म्हणतात. सेंट लुइस कार्डिनल्सचा व्यवस्थापक ब्रँच रिकी याने १९२० नंतरच्या दशकात ती पद्धती आकारास आणली. त्यापूर्वी लहान शहरांतील संघ स्वतंत्र असत. खेळाडू घडवीत, आणि तो मोठ्या संघास विकून पैसा उभा करीत. रिकीने विकत घेण्याऐवजी पिकविण्याचा मार्ग धरला. बेसबॉलचा तत्कालीन सर्वाधिकारी न्यायमूर्ती लँडिस याचा या पद्धतीस विरोध होता, आणि १९३८ मध्ये त्याने कार्डिनल्सच्या अनेक दुय्यम खेळाडूंना करारमुक्तही केले. पण पद्धती टिकली. येथे रूपक प्रामाणिक आहे. पीक कोणाचे हे ते लपवीत नाही. आजही दुय्यम संघातील खेळाडूंचे व प्रशिक्षकांचे वेतन प्रमुख संघ देतो आणि कोण खेळणार हेही तोच ठरवितो. स्थानिक मालक तिकिटे विकतो, क्रीडांगण चालवितो, उपाहारगृहे व जाहिराती पाहतो. शहरातील प्रेक्षकांचा आवडता खेळाडू ऐन हंगामात एका दूरध्वनीसरशी वर बोलावला जातो, आणि तो गेला याचाच त्या शहरास आनंद मानावा लागतो.

तिसरा शब्द ‘होस्ट सिटी’. खरी चिकित्सा आवश्यक आहे ती याच शब्दाची. लॅटिन ‘होस्पेस’ हा पाहुणा व पाहुणचार करणारा या दोघांनाही लागू होणारा शब्द; त्यात परस्परत्व आहे. मराठीत आपण ‘यजमान’ म्हणतो, आणि प्रस्तुत प्रकरणी मराठी शब्द इंग्रजी शब्दापेक्षा पुष्कळ अधिक सांगून जातो. ‘यजमान’ म्हणजे मुळात पाहुणचार करणारा नव्हे. जो स्वखर्चाने यज्ञ करवितो तो. मंत्र ऋत्विजांनी म्हणावयाचे, आहुती त्यांनी टाकावयाच्या, दक्षिणा मात्र यजमानाने द्यावयाची. संस्कृत वैयाकरणांनी येथे एक सूक्ष्म भेद नोंदविला आहे. क्रियेचे फळ कर्त्याकडे जात असेल तर आत्मनेपद, अन्यथा परस्मैपद. म्हणून यजमान ‘यजते’ आणि ऋत्विज ‘यजति’. ‘यजमान’ हे रूपच आत्मनेपदी आहे. खर्च करणाऱ्यास फळ मिळालेच पाहिजे अशी हमी त्या शब्दाच्या प्रत्ययात आहे. पॉटकेट व वुस्टर या दोन्ही शहरांपुढे जो प्रश्न होता तो नेमका हाच की, दक्षिणा आपण दिल्यावर क्रियापद आत्मनेपदी राहणार की परस्मैपदी होणार?

पॉटकेट हे अमेरिकन वस्त्रोद्योगाचे जन्मस्थान मानले जाते. सॅम्युएल स्लेटरची पाण्यावर चालणारी सूतगिरणी तेथे १७९३ मध्ये उभी राहिली. गिरण्या गेल्या, शहर खंगले. १९४२ मध्ये उघडलेल्या तेथील मकॉय क्रीडांगणावर बॉस्टनची सर्वोच्च शाखा १९७३ पासून खेळत होती. १९७७ मध्ये बेन माँडोर या उद्योजकाने डबघाईस आलेला हा संघ घेऊन सावरला. व्यावसायिक बेसबॉलमधील सर्वांत दीर्घ सामना याच मैदानावर १९८१ मध्ये झाला. १८ एप्रिलच्या रात्री सुरू झालेला खेळ पहाटे चार वाजून गेल्यावर थांबविला गेला तेव्हा प्रेक्षागारात अवघे १९ लोक उरले होते. तेहतिसावा डाव २३ जूनला खेळून सामना संपला. शहराच्या आत्मप्रतिमेत या सामन्याला जे स्थान आहे ते कोणत्याही करारात नोंदविण्यासारखे नव्हते, आणि नोंदविलेही गेले नाही.

माँडोर २०१० मध्ये निवर्तले. २०१५ मध्ये लॅरी लुकिनो प्रभृतींच्या गटाने संघ विकत घेऊन तो प्रथम प्रॉव्हिडन्स येथे नेण्याचा घाट घातला. तो फसल्यावर पॉटकेटमध्येच नवे क्रीडांगण बांधण्याची योजना पुढे आली. तिचा खर्च ८ कोटी ३० लक्ष डॉलर : संघाचे ४ कोटी ५० लक्ष, राज्याचे २ कोटी ३० लक्ष, शहराचे १ कोटी ५० लक्ष. या आकड्यांत तुलनेने असमंजस असे काही नव्हते. परंतु राज्याच्या स्मरणात एक ताजी जखम होती. २०१० मध्ये रोड आयलंडने एका संगणकीय खेळांच्या कंपनीच्या ७ कोटी ५० लक्ष डॉलर कर्जास हमी दिली होती, आणि ती कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचा संस्थापक कर्ट शिलिंग हा बॉस्टन रेड सॉक्सचाच माजी गोलंदाज होता, हा योगायोग विरोधकांनी विसरू दिला नाही. २०१८ च्या जानेवारीत सिनेटने योजना संमत केली. जूनमध्ये प्रतिनिधिसभेने राज्याची हमी काढून घेतलेला मसुदा संमत केला. हमी गेली म्हणजे कर्जाचा व्याजदर वाढणार हे उघड होते. १७ ऑगस्ट २०१८ रोजी संघाने वुस्टरची निवड जाहीर केली.

दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांतील क्रियापदे पाहण्यासारखी होती : वुस्टरने संघ ‘जिंकला’, पॉटकेटने तो ‘गमावला’. ही क्रियापदे खेळातून उचललेली आहेत, आणि तेथेच घोटाळा आहे. खेळात दोन्ही पक्षांना नियम आधी ठाऊक असतात व पंच तिसरा असतो. येथे नियम ठरविणारा, पंच आणि बक्षीस हे तिन्ही एकच होते. मराठीत असल्या प्रसंगी दोन रचना उपलब्ध आहेत : ‘वुस्टरने संघ मिळवला’ आणि ‘वुस्टरला संघ मिळाला’. पहिलीत शहर कर्ता आहे. दुसरीत ते चतुर्थीत उभे आहे व क्रिया त्याच्यापर्यंत येऊन पोहोचते. त्याचप्रमाणे ‘पॉटकेटने गमावला’ यात दोष आहे; ‘पॉटकेटचा संघ गेला’ यात घटना आहे. प्रस्तुत व्यवहाराचे यथार्थ वर्णन दुसऱ्या जोडीनेच होते. कारण निवडीचा अधिकार कधीही शहरांकडे नव्हता.

तथापि एवढ्यावरून वुस्टरला फसलेला यजमान ठरविणे घाईचे होईल. २०२० च्या जनगणनेत दोन लक्षांहून अधिक वस्तीचे हे शहर न्यू इंग्लंडमध्ये बॉस्टनच्या खालोखाल मोठे, आणि तरीही नेहमी बॉस्टनच्या सावलीतले. १८८० ते १८८२ या काळात तेथे राष्ट्रीय लीगचा संघ होता, आणि त्या लीगमधील पहिला निर्दोष सामना ली रिचमंड याने १८८० मध्ये वुस्टरसाठीच टाकला; पण ती गोष्ट ग्रंथांत राहिली होती. संघास आमंत्रण देणारी हजारो पोस्टकार्डे नागरिकांनी पाठविली, ती केवळ करविषयक हिशोबातून नव्हेत. संघाच्या नव्या लघुनामात याचे भाषिक प्रत्यंतर मिळते. ‘पॉटकेट’वरून ‘पॉसॉक्स’ झाले तसे ‘वुस्टर’वरून ‘वूसॉक्स’. शहराच्या नावातील मधली अक्षरे इंग्रजीत केव्हाच मूक झाली आहेत. परका मनुष्य लेखन पाहून उच्चार करतो आणि हटकून चुकतो. ‘वू’ हे लेखनावरून नव्हे, तर स्थानिक उच्चारावरून केलेले नाव आहे. परक्याला अवघड वाटणारा उच्चार आता प्रांतभर रूढ होतो आहे. १९६३ मध्ये वुस्टरच्याच हार्वी बॉल या चित्रकाराने काढलेला पिवळा हसरा चेहरा संघाच्या चिन्हात आला, तोही याच वृत्तीने. हे फळ नाही असे कसे म्हणावे?

परंतु नगरपालिकेने समर्थन केले ते या फळाचे नव्हते. क्रीडांगणामुळे भोवती उपाहारगृहे, निवासिका व कचेऱ्या उभ्या राहतील, त्यांच्या नव्या करांतून कर्जफेड होईल, जुन्या करदात्यास तोशीस पडणार नाही, असा युक्तिवाद होता. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांची गेल्या तीन दशकांची संशोधने अशा युक्तिवादास बहुतांशी प्रतिकूल आहेत. रॉजर नॉल व अँड्रू झिंबलिस्ट यांचा १९९७ चा संपादित ग्रंथ या संदर्भात परिचित आहे. क्रीडांगणात खर्च होणारा डॉलर बहुधा त्याच शहरातील दुसऱ्या करमणुकीतून काढलेला असतो, हे त्यामागील साधे कारण. वुस्टरच्याच होली क्रॉस महाविद्यालयातील व्हिक्टर मॅथेसन यांनीही शंका व्यक्त केल्या होत्या. प्रारंभी दहा कोटी डॉलरांच्या आसपास सांगितला गेलेला खर्च मे २०२१ मध्ये पोलर पार्क उघडेपर्यंत सुमारे १६ कोटींवर गेला, आणि भोवतीची काही बांधकामे रखडली. येथे अर्थशास्त्रज्ञांची बाजू बरोबर आहे. मात्र जे पैशात मोजता येत नाही ते नाहीच, असे त्यांच्यापैकी काहींच्या लेखनातून सुचविले जाते, ते ग्राह्य नाही. शहराने जर ‘आम्हांला नाव हवे आहे व त्याची किंमत इतकी आहे’ असे स्वच्छ सांगितले असते, तर नागरिकांना होकार वा नकार देता आला असता. ‘हे फुकट पडेल’ या वाक्याला मात्र होकार-नकार संभवत नाही. ते खरे असते किंवा खोटे.

दरम्यान परिभाषाच पालटली. २०२० मध्ये जुना सामायिक करार संपला, आणि प्रमुख लीगने दुय्यम व्यवस्था स्वतःकडे घेऊन १२० संघांनाच निमंत्रण दिले. चाळीसहून अधिक शहरांतील संघ वगळले गेले. उरलेल्यांना आता जो मिळतो त्यास ‘परवाना’ म्हणतात, आणि क्रीडांगणाचे दिवे, खेळाडूंच्या खोल्या, सरावाच्या जागा यांची मानके पाळणे ही त्याची अट आहे. पिता-पुत्राची भाषा वृत्तपत्रांत शिल्लक आहे. दस्तऐवजात परवाना देणारा व घेणारा एवढेच उरले. मानके पाळण्याचा खर्च पुष्कळ ठिकाणी क्रीडांगणाच्या मालकावर, म्हणजे नगरपालिकेवर, येतो. खुद्द वुस्टरचा संघही २०२३ च्या अखेरीस, असे अनेक दुय्यम संघ बाळगणाऱ्या एका कंपनीस विकल्याचे जाहीर झाले. पोस्टकार्डे पाठविणाऱ्यांना त्यात विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

पॉटकेटचा शेवटचा हंगाम २०२० चा ठरला होता. महामारीमुळे तो खेळलाच गेला नाही. मकॉय क्रीडांगणाची जागा नव्या विद्यालयाकडे गेली. त्याच शहरात सीकाँक नदीच्या काठी २०२५ मध्ये फुटबॉलचे नवे क्रीडांगण उघडले. त्यासाठी २०२४ मध्ये काढलेल्या सार्वजनिक कर्जाची रक्कम सुमारे ५ कोटी ४० लक्ष डॉलर होती, आणि तीस वर्षांच्या परतफेडीत ती १३ कोटींच्या पुढे जाईल असा हिशोब तेव्हाच मांडला गेला. बेसबॉलसाठी राज्य व शहर मिळून मागितले गेले होते ३ कोटी ८० लक्ष. नव्या फुटबॉल संघाचे नाव ‘रोड आयलंड’ असे आहे. त्यात पॉटकेट हा शब्द नाही.