टायर रुंद, सांगाडा उसना

आंबिवली स्टेशनातून मोहन्याकडे चालत येताना एका पत्र्याच्या शेडमध्ये बुलेटची फ्रेम दोन लोखंडी चॅनेलवर जखडून ठेवलेली दिसली. इंजिन नाही, टाकी नाही, हँडल नाही. हेड पाइपच्या मध्यातून मागच्या एक्सलपर्यंत गवंड्याचा दोरा ताणलेला होता. मेस्त्री एक डोळा मिटून त्या दोऱ्याकडे बघत होते. भिंतीला टेकून २०० रुंदीचा टायर उभा होता, वरचं वेष्टनसुद्धा काढलेलं नव्हतं.

"टायर आधी आणलाय गिऱ्हाइकानं," मेस्त्री म्हणाले. "गाडी कुठली घ्यायची ते नंतर ठरलं."

मला तेव्हा हसू आलं. पण कल्याण-डोंबिवलीपासून गोव्यापर्यंत जेवढ्या रुंद टायरच्या गाड्या मी आजवर पाहिल्या, त्यातल्या बहुतेकींची जन्मकथा हीच आहे. आधी टायर, मग त्याला जागा करायला फ्रेम कापणं. आपल्याकडे ही कला फ्रेम घडवण्याची म्हणून रुजलीच नाही, टायर सामावून घेण्याची म्हणून रुजली. माझी तक्रार आहे ती एवढीच.

जुन्या बुलेटचा मागचा टायर सव्वातीन इंची, म्हणजे ८३ मिलिमीटरच्या आसपास. ड्यूक ३९० आणि डॉमिनारला १५० चा येतो. हार्ले-डेव्हिडसनच्या फॅट बॉयला २०१८ पासून २४० चा. सव्वातीन इंची टायरभोवती बेतलेल्या सांगाड्यात २०० चा टायर बसवायचा म्हणजे खरी पंचाईत चाकाची नसते, चेनची असते. समजा पुढचं स्प्रॉकेट गाडीच्या मध्यरेषेपासून डावीकडे ५५ मिलिमीटरवर आहे. नव्या टायरची अर्धी रुंदी १००. चेन टायरला घासू नये म्हणून दहाएक मिलिमीटर मोकळे सोडायचे, चेनची स्वतःची अर्धी जाडी आणखी दहा. म्हणजे चेन मध्यापासून १२० वर धावायला हवी. मधल्या ६५ मिलिमीटरचं काय करायचं, यावरच कारागीर ओळखावा.

बाहेर काढलेलं स्प्रॉकेट लावलं तर दहा-वीस मिलिमीटर सुटतात. त्यापुढे गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर ताण येतो. इंजिन डावीकडे सरकवता येतं, पण मग वजन एका अंगाला जातं. मधे एक जास्तीचा शाफ्ट घालून दोन चेन लावता येतात; हे सगळ्यात सरळ उत्तर, पण त्याला लेथवरचं काम नेमकं लागतं आणि जागाही लागते. अमेरिकेतल्या चॉपरवाल्यांनी खास गिअरबॉक्स करून शेवटची चेन किंवा बेल्ट उजवीकडे नेला, म्हणजे इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे जाणारी प्रायमरी एका बाजूला, चाकाकडची चेन दुसऱ्या बाजूला आणि वजनाचा तोल मधे. आपल्याकडे सर्रास चालणारा उपाय मात्र पाचवा आहे. मागचं चाकच हळूच उजवीकडे सरकवायचं. उभ्या गाडीत ते दिसत नाही. फोटोत तर नाहीच नाही. पण पुढचं चाक एका रेघेवर आणि मागचं दुसऱ्या रेघेवर धावतं, आणि सरळ रस्त्यावर हँडल सोडून बघा म्हटलं की मालक विषय बदलतो.

चिमट्याची, म्हणजे स्विंगआर्मची, गत वेगळी नाही. मागे तो रुंद करायचा, पण पुढे फ्रेममधल्या पिव्होटची रुंदी कंपनीचीच राहते. मग दोन्ही पाय पिव्होटपासून थोडं मागे गेले की बाहेर फाकतात, आणि सगळा ताण त्या वाकलेल्या जागी साठतो. तिथे पाइप कुठला वापरलाय, सीमलेस की शिवण असलेला, वेल्डिंग आर्गनचं की सीओटूचं, हे विचारायला हवं. त्याहून आधी सांधा बघायला हवा. एका पाइपाचं टोक दुसऱ्याच्या गोलाईवर फट न ठेवता बसेल असं कानसायला अर्धा तास लागतो. फट ठेवून ती वेल्डिंगच्या धातूनं भरायला पाच मिनिटं. वरून ग्राइंडर फिरवला, पुट्टी भरली आणि काळा रंग मारला की दोन्ही सांधे सारखेच दिसतात. म्हणूनच या गाड्या रंगवण्याआधी बघाव्यात असं मला नेहमी वाटतं.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हा समजही एकदा तपासायला हवा. वजन तेवढंच आणि हवाही तेवढीच असेल तर टायर जमिनीला टेकतो तेवढ्या जागेचं क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, आकार बदलतो; लांबट जागा आडवी होते. गाडी कलली की ही टेकलेली जागा मध्यरेषेवरून आतल्या बाजूला सरकते. टायर जितका रुंद तितकी ती जास्त सरकते, आणि गाडीला पुन्हा उभं करू बघणारा जोर वाढतो. तेच वळण त्याच वेगानं घ्यायला अशी गाडी जास्त कलवावी लागते. पुढे बारीक टायर असेल तर पुढचं चाक एक सांगतं, मागचं दुसरंच. त्यात कल्याण-शीळ रस्त्यावरचे काँक्रीटचे उभे सांधे मागचं चाक पकडून ओढतात. आणि हे सगळं ओढायला ३५० सीसीच्या इंजिनात ताकद असते वीसएक अश्वशक्तीची.

ही हौस आली कुठून हे सांगायला फार खोल जायला नको. २००३ पासून 'अमेरिकन चॉपर' केबलवर दिसू लागलं आणि टायरच्या रुंदीवर माणसाची उंची मोजणारी एक पिढी तयार झाली. २०१३ साली गोव्यात वागातोरला पहिला इंडिया बाइक वीक भरला, तेव्हा त्या पिढीला मिरवायला मैदान मिळालं. मधल्या काळात मुंबईत अक्षय वर्दे यांनी 'वर्देंची' काढली. नावातच मराठी षष्ठी असलेली मोटरसायकल कंपनी मला दुसरी ठाऊक नाही. इंजिन बहुधा रॉयल एनफिल्डचं, अंग नव्यानं घडवलेलं, मागचा टायर भरदार. त्या गाड्यांची झगमग मला कधीकधी जास्त होते, पण टाकीपासून मागच्या एक्सलपर्यंत एक रेघ धरून काम केल्याचं त्यांत दिसतं. त्यांची नक्कल करणाऱ्यांनी झगमग उचलली, रेघ सोडली.

निव्वळ फ्रेमनं नाव कमावता येतं याचे दाखले जगात आहेत. रेक्स मॅककँडलेस यांची नॉर्टनसाठीची फेदरबेड फ्रेम १९५० साली आली आणि इंजिन जुनंच असूनही गाडी नवी ठरली. खुद्द रॉयल एनफिल्डनं काँटिनेंटल जीटीच्या फ्रेमसाठी इंग्लंडच्या हॅरिस परफॉर्मन्सची मदत घेतली आणि २०१५ मध्ये ती कंपनीच विकत घेतली. बुलेट बनवणाऱ्यांना फ्रेमचं मोल कळलं; बुलेट कापणाऱ्यांना कळायचं आहे.

सगळा दोष मात्र त्यांच्यावर टाकता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात फेरफार चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी घट्ट केलं. नवी फ्रेम रीतसर रस्त्यावर आणायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी लागते, आणि ती वाट कारखानदारांसाठी आखलेली आहे, पत्र्याच्या शेडसाठी नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून जीप केली तेव्हा आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण ही गाडी नियमात बसत नाही हेही त्यांनीच सांगितलं आणि बदल्यात बोलेरो दिली. चेसी नंबर हेड पाइपवर ठोकलेला असतो. कल्याणच्या एमएच-०५ च्या आरसी बुकात तोच नंबर. म्हणून पुढचा भाग जपायचा आणि मागचा कापायचा, हीच इथली फ्रेम-रचना होऊन बसली. अर्धं शरीर कंपनीचं, अर्धं मेस्त्रींचं. नियमात तरीही बसत नाही ते नाहीच.

मोहन्यात हे बघताना एक गंमत डोक्यात घोळत राहते. २००९ साली बंद पडलेल्या इथल्या एनआरसीत, नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनमध्ये, रेयॉनबरोबर टायर कॉर्डही निघायची, टायरच्या पोटात घालायचा धागा. या गावानं टायरचं आतलं अंग बनवलंय, जे कुणाला कधी दिसत नाही. फिटर, टर्नर, प्रेशरच्या पाइपांवर हात बसलेले वेल्डर या कंपनीच्या आधारानं इथे राहिले. मेस्त्रींचे वडील त्यांतलेच. वेल्डिंग केलेला नळ गळला तर पाळी थांबायची, असं मेस्त्री सांगतात. त्यामुळे फट भरायची सवय घरात नाही.

दोरा मागच्या चाकाच्या मध्यावर पडायला हवा होता. मेस्त्रींनी पट्टी लावली. नऊ मिलिमीटर डावीकडे. म्हणजे चाक तेवढं उजवीकडे गेलेलं.

"चालेल की नऊ," मी म्हटलं. "कुणाला कळणारे?"

गिऱ्हाइकाचा फोन वाजत होता, त्याला व्हिडिओ हवा होता. मेस्त्रींनी तो उचलला नाही. ग्राइंडर घेतला आणि चिमट्याचे वेल्डिंगचे चारही कच्चे टाके कापून टाकले.